चाकातलं दूध

"काढू नको, काढू नको!" मी म्हणेपर्यंत काटा श्रेयाच्या चिमटीत आलाही होता. टायरमधून पांढऱ्या थेंबांची बारीक चिळकांडी उडाली आणि थेट तिच्या नाकावर बसली.

"बाई, सायकल रडायला लागली!"

"रडत नाही गं. ते दूध आहे. घाबरू नको, चाक फिरव. भोक खाली आण. हं, आता त्यावर अंगठा ठेव आणि गप्प उभी राहा."

"किती वेळ?"

"दुधाचं काम होईपर्यंत."

पोरं हसली. श्रेया मात्र श्वास रोखून उभी राहिली, जणू अंगठा हलला तर सगळं गाव बुडेल. थोड्या वेळाने मी तिला अंगठा काढायला सांगितलं. भोक बुजलं होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना सायकली शिकवायची. शिकवायची म्हणजे काय, चालवायला त्यांना येतच होतं. सायकल खोलायची कशी, पुसायची कशी, तिचं ऐकायचं कसं, एवढंच. त्या दिवशीचा धडा ट्यूबलेस टायरचा होता. ह्या टायरमध्ये ट्यूब नसते, आत वाटीभर पांढरं पातळ औषध असतं. भोक पडलं की हवेबरोबर ते भोकाशी येतं आणि तिथेच घट्ट होऊन बसतं. त्याला खरं नाव काहीतरी इंग्रजी आहे. आमच्याकडे त्याला दूध म्हणतात. हे नाव पाडलं हर्षद सपकाळने. माझाच विद्यार्थी, आणि ट्यूबलेसच्या बाबतीत माझा मास्तर.

"पायात काटा गेला तर काढायचा," मी पोरांना म्हटलं. "ह्या टायरमध्ये गेला तर लगेच काढायचा नाही. काटा आहे तोवर भोक बुजलेलं असतं. घरी पोचा, दुधाची बाटली हाताशी घ्या, मग सवडीने काढा."

"म्हणजे काट्यासकट चालवायची?"

"काट्यासकट."

पोरांना ते पटलं नाही, तोंडावरून दिसत होतं. आमच्या खोऱ्यात करवंदीची जाळी आणि बाभळ. काटा दिसला की उपसायचा, हे ती पोरं चालायला लागण्याआधी शिकलेली.

सगळी पांगायला लागली तेव्हा प्राजक्ता पुढे आली. हर्षदची धाकटी बहीण. बारावीला होती.

"बाई, मी नाव दिलंय."

"कशात?"

"डोंगरातल्या मॅरेथॉनमध्ये. पुढच्या रविवारी."

त्या वर्षी आमच्या खोऱ्यात डोंगरी सायकल मॅरेथॉन ठरली होती. साताऱ्याची काही मंडळी भरवत होती. धरणाच्या कडेने निघून जंगलातल्या पायवाटेने वर, वाघजाई खिंडीत डांबरी रस्ता ओलांडून पठारावर, आणि मागल्या अंगाने परत खाली. अर्धा दिवस दम काढणारी वाट.

"कुठल्या सायकलवर जाणार?"

तिने मान वळवून स्वतःच्या सायकलीकडे बघितलं. शाळेतल्या मुलींना योजनेतून मिळते ती सायकल. पुढे टोपली, साखळीवर पत्र्याचं झाकण, आणि जगातली सगळ्यात मोठ्या आवाजाची घंटी.

"येताना टोपलीतनं भाजी आण गं," एक पोरगा जाता जाता म्हणाला.

"तुझ्यासाठी दुधी आणते, तुझ्यासारखाच," ती म्हणाली, आणि तो पळाला.

"ह्या सायकलीने खिंड चढायची तर सायकल तुला नेणार नाही, तूच तिला नेशील," मी म्हटलं. "शाळेतली गिअरची बघ."

ती शाळेतल्या गिअरच्या सायकलीवर टांग टाकून उभी राहिली. गुडघे हँडलला लागत होते. साताऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून दुसरी मिळाली असती, पण ती सहा फुटी माणसाची होती. "सायकल निवडताना रंग नंतर, गिअर नंतर," मी म्हटलं. "आधी माप. सायकल मधे घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकले की वरची दांडी आणि तू, मधे चार बोटं जागा राहिली पाहिजे. डोंगरात कधी झटकन पाय टेकावा लागेल सांगता येत नाही."

"एका सायकलीचं माप मला बरोबर होतं, बाई."

कुठली ते मला कळलं. तरी विचारलं, "बसून बघितलंस?"

"नाही. मागच्या खोलीत कुणी जायचं नाही, असं आप्पांनी सांगितलंय." ती पायाने माती उकरत होती. "पण दादाची पँट मला आता बरोबर होते. त्यावरून."

आम्ही दोघी शाळेच्या सायकल शेडच्या पायरीवर बसलो.

"जिंकायचंय का तुला?"

"मी कसली जिंकतेय." ती म्हणाली, "दीड वर्ष झालं. घरात दादाचं नाव कुणी घेत नाही. फोटोला हार घालतात, पण नाव नाही. आई चुकून म्हणते आणि जीभ चावते. आप्पा तर एकदाही नाही. शेजारचं कुणी विषय काढला की उठून जातात. मला कधी कधी वाटतं, तो होता की नव्हता." तिने माझ्याकडे बघितलं. "मी त्या सायकलवर बाहेर पडले तर कुणीतरी विचारेलच ना, सायकल कुणाची? मग आप्पांना सांगावं लागेल."

मी तिला विचारलं, "आप्पांची ड्युटी कधी सुटते?"

जोतीराम सपकाळ, म्हणजे तिचे वडील, एसटीवर ड्रायव्हर. साताऱ्याहून आमच्या खोऱ्यात येणारी गाडी बहुतेक तेच आणायचे. त्यांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. गाडी काढायच्या आधी हातात लोखंडी टॉमी, म्हणजे चाकाची पहार, घेऊन ते गाडीला पूर्ण चक्कर मारायचे आणि प्रत्येक टायरवर ठोका द्यायचे. मान तिरपी करून आवाज ऐकायचे. प्रवासी चिडायचे, कंडक्टर जांभया द्यायचा, पण चारही कोपरे ऐकल्याशिवाय गाडी हलायची नाही.

संध्याकाळी मी गेले तेव्हा ते खाकी शर्टाची बटणं सोडून ओट्यावर बसले होते.

"या बाई. चहाला आलात की सायकलीला?"

प्राजक्ताने घरी काहीतरी बोलून ठेवलं असावं.

"दोन्हीला," मी म्हटलं.

"चहा आहे."

आत सुमनच्या, म्हणजे प्राजक्ताच्या आईच्या हातातलं भांडं वाजलं. चहा आला. आम्ही तो प्यायलो.

"जोतीराम, न्यायला मागत नाही मी," मी म्हटलं. "टायर तेवढे बघू द्या. उभ्या गाडीचं चाक कसं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. विकायची असो, ठेवायची असो, बघायला हवं."

"विकायची न्हाई."

"मग तर बघायलाच हवं."

त्यांनी कपातला चोथा ओट्याखाली टाकला.

"बघा," ते म्हणाले. "पण उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याबाहेर चाक जायचं न्हाई. आणि मी काय तिथं येत न्हाई. त्या खोलीत मी पाय ठेवत न्हाई." एवढं बोलून ते रस्त्याकडे तोंड करून बसले.

प्राजक्ताने कडी काढली. खोली लहान होती. कोपऱ्यात धान्याची कणगी, भिंतीला टेकवलेला पलंग आणि मधोमध एका लाकडी घोडीवर चढवलेली सायकल, दोन्ही चाकं अधांतरी. घोडी हर्षदने स्वतः बनवली होती. पुण्याच्या एका सायकल क्लबने त्याला ती वापरलेली सायकल दिली, तेव्हा त्याने पहिलं काम हेच केलं होतं. सीटवर, हँडलवर, दांडीवर धुळीचा जाड थर होता. हँडलच्या रबरावर जुन्या बोटांचे ठसे धुळीखाली तसेच दिसत होते. प्राजक्ता ते बघून दारातच थांबली.

मी टायर चिमटीत दाबला. दबला नाही.

"अरे वा, हवा आहे की," प्राजक्ता म्हणाली.

ट्यूबलेसमधली हवा आपोआप दीड वर्ष राहत नाही. मी टायरवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. सगळ्या सायकलीवर धूळ होती. टायर स्वच्छ होते.

"चाक काढूया," मी म्हटलं.

आम्ही हवा सोडली. रिमच्या कडेला अंगठ्यांनी जोर दिला तसा टायर ठक् करून सुटला. एक बाजू उलगडून मी आत बघितलं. पोरांना शिकवताना मी जुने टायर पुष्कळ उघडलेत. सायकल एका जागी उभी राहिली की दूध खाली साचतं आणि तिथेच सुकून त्याचा गोळा होतो. लिंबाएवढा, कधी त्याहून मोठा. मला तेच दिसायला हवं होतं.

आत गोळा नव्हता. टायरच्या पूर्ण गोलात, सगळीकडे सारखी, पातळ पिवळसर साय धरली होती. कुठे जाड नाही, कुठे विरळ नाही.

"सुकलंय ना, बाई?" प्राजक्ताने विचारलं.

"सुकलंय. पण बघ, कसं सुकलंय."

ती वाकून बघत राहिली. मी तिला सांगितलं नाही. मुलाला उत्तर दिसायला लागलं की मास्तराने गप्प बसावं, एवढं मी नोकरीत शिकले होते.

"एका जागी नाही बसलं," ती हळू म्हणाली. "म्हणजे चाक फिरत होतं." मग ती वळली. "आई, तू?"

सुमन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने मान हलवली. "मला नाही गं सोसत ह्या खोलीत यायला."

कुणीच कुणाचं नाव घेतलं नाही. मी ती साय नखाने सोडवली. रबरासारखी लांबच्या लांब पट्टी सुटून आली. ती हातात घेऊन मी ओट्यावर गेले आणि जोतीरामांच्या शेजारी बसले. पट्टी मधे ठेवली.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग रस्त्याकडे तोंड ठेवूनच बोलायला लागले.

"मित्राच्या लग्नाला निघाला होता. कोरेगावाला. दोन दिसांचं काम. बूट घालता घालता म्हणाला, आप्पा, मी येईपर्यंत जाता-येता चाक फिरवा, न्हाईतर दूध एका जागी बसतं. हवा कमी वाटली तर मारा. मी म्हटलं, जा रं, फिरवतो." ते थांबले. "येताना कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसला. स्वतः चालवत पण नव्हता."

"रोज फिरवता?"

"पहाटच्या गाडीला जाताना. घर झोपलेलं असतं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मी येईपर्यंत, म्हणाला होता बाई तो."

समोरून शेळ्या घेऊन एक बाई गेली. तिने ओट्याकडे बघून काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि न विचारताच पुढे गेली.

"फिरवलंत म्हणून गोळा झाला नाही," मी म्हटलं. "टायर अजून चांगला आहे. पण नुसतं फिरवून दूध राहत नाही, जोतीराम. ते सुकतंच. दोन-तीन महिन्यांनी नवीन घालावं लागतं."

"हे न्हाई सांगितलं त्यानं."

"दोन दिवसांत यायचं होतं त्याला. कशाला सांगेल?"

त्यांनी ती पट्टी उचलली. दोन्ही हातांत धरून ताणली. ताणली की लांब व्हायची, सोडली की परत आखडायची.

"म्हणजे मी सुकलेलंच फिरवत होतो," ते म्हणाले.

आतून सुमनच्या नाक ओढण्याचा आवाज आला. जोतीरामांनी पट्टीची गुंडाळी केली, खाकी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि उठले.

"नवीन आहे का तुमच्याकडं?"

बाटली माझ्या पिशवीतच होती.

खोलीत आल्यावर ते वेगळेच झाले. आतली उरलेली साय त्यांनी स्वतः खरवडली, ओल्या फडक्याने टायर आतून पुसला, कडेवरून बोट फिरवून चीर कुठे आहे का ते पाहिलं. "किती घालायचं?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं तेवढं ओतलं, टायर रिममध्ये बसवला. प्राजक्ता पंप मारायला लागली. ती घामाघूम झाली, पण टायर काही फुगेना. एकीकडून हवा भरावी, दुसरीकडून फुसफुसत निघून जावी.

"थांब," जोतीराम म्हणाले. "असं बसायचं न्हाई ते. ह्याला एकदम हवा पाहिजे. कॉम्प्रेसरची."

कॉम्प्रेसर नाक्यावर होता, पंक्चरच्या दुकानात. प्राजक्ताच्या हातातला पंप तसाच राहिला. उंबऱ्याच्या आत, हे त्यांचेच शब्द होते. सुमनने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

जोतीरामांनी दुसरंही चाक काढलं, त्यातही दूध घातलं. मग दोन्ही चाकं दोन हातांत घेतली, दूध सांडू नये म्हणून उभी धरली आणि उंबरा ओलांडला. प्राजक्ता आणि मी मागे.

नाक्यावर दुकानवाल्या इक्बालभाईंनी मशीन चालू केलं. ह्या व्हॉल्व्हला त्यांची नळी बसत नव्हती, म्हणून मी माझ्याकडची छोटी पितळी टोपी लावून दिली. हवेचा झोत आत गेला आणि टायरच्या कडा ठो, ठो करत रिममध्ये जाऊन बसल्या. बंदुकीसारखा आवाज झाला. बाकावरचे दोघं-तिघं दचकले.

"एवढं भारी चाक कुणाचं ओ, ड्रायव्हर?" इक्बालभाईंनी विचारलं. माणूस साधा. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

मी प्राजक्ताकडे बघितलं. ती आप्पांकडे बघत होती.

जोतीरामांनी चाक आडवं धरून हलवलं, आतलं दूध सगळीकडे फिरवलं. "घरचंच आहे," ते म्हणाले.

परत येताना प्राजक्ता आमच्या पुढे भराभर चालत राहिली. दाराशी पोचल्यावर तिचे आप्पा मात्र म्हणाले, "रविवारी जाणार ना? मग उद्यापास्नं बसायला घे. एकदम डोंगरात नको काढू." तिने मान डोलावली आणि आत गेली. तिला पाहिजे होतं त्यातलं अर्धं मिळालं होतं. अर्धं मिळाल्यावर जास्त दुखतं.

रविवारी माझी नेमणूक वाघजाई खिंडीत होती. शर्यत डांबरी रस्ता ओलांडते तिथे मांडव घालून पाणी, केळी आणि गुळाच्या वड्या ठेवल्या होत्या. तिथे स्वारांना मदत करायची परवानगी होती. दोन पोलीस वाहनं थांबवत होते. पहिले स्वार येऊन गेले, चिखलाने माखलेले, कुणाकडे न बघणारे. मग मधे बराच वेळ रस्ता मोकळा राहिला. तेवढ्यात साताऱ्याकडून एसटी वर आली आणि पोलिसाने शिट्टी मारून ती अडवली. स्टिअरिंगवर जोतीराम होते. रजा मागितली नाही का, असं मी नंतर विचारलं. मागितली असती तर काय सांगितलं असतं, असं ते म्हणाले.

"काय ओ हे, पोरांच्या सायकलींसाठी गाडी थांबवायची?" मागून एक म्हातारा ओरडला. "माझी साखरपुड्याची वेळ टळतीय!"

"तुमचा साखरपुडा का आबा?" कंडक्टर म्हणाला, आणि बस हसली.

तेव्हाच जंगलातून प्राजक्ता वर आली. शेवटच्या चढाला उभी राहून पायडल मारत होती. गुडघा फुटला होता. मांडवाशी येऊन तिने पाय टेकला आणि सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली. मी नकळत बघितलं. चार बोटं, बरोबर.

"बाई, पुढच्यात गेलाय काहीतरी," ती धापा टाकत म्हणाली. "मागल्या वळणापास्नं फुसफुसतंय."

बाभळीचा लांब पांढरा काटा होता, मुळापर्यंत रुतलेला. त्याच्या कडेने दुधाचा बुडबुडा येत होता. मी गुडघ्यावर बसायला लागले, पण माझ्या वयाला ते पटकन जमत नाही. तोवर बसचं दार वाजलं होतं. खाकीतले दोन पाय पळत आले. जोतीराम खाली बसले आणि त्यांनी काटा चिमटीत धरला.

"नको, आप्पा!" प्राजक्ता म्हणाली. "काढू नका. राहू दे तिथंच."

"अगं, एवढा मोठा..."

"राहू दे. त्याच्यासकट चालते. आत दूध आहे."

त्यांनी वर तिच्याकडे बघितलं. मग चिमटी सोडली. हँडल एका हाताने उचलून चाक सावकाश फिरवलं, जसं रोज पहाटे फिरवत असतील तसं. काटा खाली आला तिथे थांबवलं. काट्याला लागून अंगठा दाबून धरला.

बस अख्खी खिडक्यांना लागली होती. साखरपुड्याचे आबासुद्धा मान बाहेर काढून बघत होते. एका बाईने वरून विचारलं, "ड्रायव्हर, कुणाची ओ ही पोरगी?"

"माझी," जोतीराम म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. अंगठा तसाच होता. मग एसटीच्या शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा आवाज चढवून म्हणाले, "हर्षदची बहीण. सायकल हर्षदची आहे. माझ्या मुलाची."

बसमधल्या पुष्कळांना हर्षद ठाऊक होता. प्राजक्ताने हेल्मेट खाली केलं, मला तिचं तोंड दिसेना. हँडलच्या रबरावर तिने मुठी घट्ट धरल्या होत्या. धूळ तिने त्या जागेची पुसली नव्हती. तिच्याच हातांनी ती झिजली होती.

पठारावरून वाऱ्याची एक झुळूक आली. मांडवाचं कापड फडफडलं. बुडबुडा येणं थांबलं होतं.

"आप्पा, काढा अंगठा," ती म्हणाली. "बसलं असेल आता."

"थांब जरा," जोतीराम म्हणाले. "बसू दे नीट."